जाड रेषांचं सागवान

फणीवाल्याच्या घरात धड फणी कधी टिकली नाही. बायकोनं नवी फणी आणली की आठवड्याच्या आत ती गायब व्हायची आणि सापडायची त्याच्या कामाच्या खोक्यात, मधले मधले दात चिमट्यानं उपटलेली, तपकिरी रंगानं माखलेली. "माझ्या डोक्याला बोळकी फणी आणि तुमच्या प्लॅस्टिकला नवी कोरी!" असं ती करवादायची. त्यावर हा शांतपणे म्हणायचा, "अगं, सगळे दात जागच्या जागी असले की रेषा सारख्या अंतरावर येतात. झाड काय पट्टी घेऊन वाढतं?" नवऱ्याला अशी उत्तरं सुचत असतील तर बायकोनं बोलायचं तरी काय? ती पुढच्या खेपेला दोन फण्या आणायची आणि एक लपवून ठेवायची.

एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात, जिना आणि संडास यांच्या मधल्या खोलीत बसून तो इमारतींची मॉडेलं बनवायचा. ज्या इमारतीचा अजून खड्डासुद्धा खणलेला नाही, तिचं हे चिमुकलं रूप बुकिंगच्या ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवायचं, वर दिवा सोडायचा आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचं की हे बघा तुमचं घर. त्यातली झाडं स्पंजची, तळं काचेचं, माणसं तांदळाच्या दाण्याएवढी. दारं, कपाटं, कठडे मात्र लाकडाचे. म्हणजे दिसायला हो! होतं सगळं प्लॅस्टिकच.

आणि ते लाकूड दिसावं म्हणून हा गडी काय काय करायचा! प्लॅस्टिकच्या पांढऱ्या शीटवर आधी खरखरीत पॉलिशपेपर एकाच दिशेनं ओढायचा. मग बोथट करवतीच्या पात्यानं लांब चरे पाडायचे, कुठं खोल, कुठं नुसते टेकवल्यासारखे. त्यावर पिवळट मातकट रंगाचा हात. तो खडखडीत वाळला की वरून पातळ केलेला गडद तपकिरी, आणि तो ओला आहे तोवर फणी. फणी ओढताना हात किंचित थरथरवायचा. गाठ हवी असेल तिथं सुईच्या टोकानं रंग गोल फिरवायचा आणि रेषा तिच्या दोन्ही बाजूंनी वळवून पुढं न्यायच्या. या कामाची एक मोठी खुबी होती. खऱ्या लाकडातल्या रेषा असतात केसासारख्या; तेवढ्याच मापानं वीतभर दारावर काढल्या तर दिसणारच नाहीत. म्हणून मॉडेलवर त्या मुद्दाम जाड काढायच्या. डोळ्याला थोडं फसवलं तरच त्याला खरं वाटतं, हे फणीवाल्याचं आयुष्यभराचं शहाणपण, आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

विचारायचंच तर एका माणसानं विचारावं अशी त्याची फार इच्छा होती. तो माणूस म्हणजे त्याचे सासरे. सारं जग त्यांना मिस्त्री म्हणायचं. मिस्त्री सुतार होते, आणि सुतार म्हणजे काय, तर देवानं झाड केलं ते मिस्त्रींना काम मिळावं म्हणून, अशा थाटाचे. प्लॅस्टिक हा शब्द ते शिवीसारखा वापरायचे. शेजारच्याचा मुलगा बिघडला तर "पोरगं प्लॅस्टिक निघालं". चहा बेचव झाला तर "प्लॅस्टिकचा चहा". आणि जावई घरी आला की पहिला प्रश्न ठरलेला: "काय जावईबापू, खेळणी कशी चाललीयत?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या तोंडातून जावयाच्या कामाबद्दल एक बरा शब्द निघाला नव्हता. फणीवाल्याला जगाकडून दुसरं काही नको होतं. म्हाताऱ्यानं एकदा, फक्त एकदाच, "चांगलं केलंयत" म्हणावं, एवढ्यासाठी त्याचा जीव टांगणीला लागलेला.

मिस्त्रींची बायको गेली, हाताला कंप आला, वर्कशॉपला कुलूप लागलं. एकटे राहायचे. दोनदा मोरीत पाय घसरून पडले. लेकीच्या घशाखाली घास उतरेना. "बाबा, आमच्याकडे चला," असा तिनं धोशा लावला. म्हातारा ऐकेल तर शपथ! शेवटी ती म्हणाली, कंपनी नवी इमारत बांधतेय, तिथं मोठी जागा घेऊ, तुम्हाला वेगळी खोली. मिस्त्री म्हणाले, "येतो. पण दार लाकडाचं पाहिजे. प्लॅस्टिकच्या डब्यात मी मरणार नाही."

म्हणून सगळी वरात बुकिंगच्या ऑफिसात गेली. सोबत मिस्त्रींचा दोस्त बिजागरीवाला. याचं बिजागऱ्या-कड्यांचं दुकान, आणि दोघांची मैत्री अशी की एकानं दुसऱ्याची फजिती बघायची संधी आजवर सोडली नव्हती. त्यालाही जागा घ्यायची होती. कंपनीचे मालक स्वतः हजर होते. काचेच्या पेटीत एका फ्लॅटचं छत काढून मोठं मॉडेल ठेवलं होतं, आणि त्याचं मुख्य दार चांगलं वीतभर उंच. मिस्त्रींनी जाड भिंगाचा चष्मा वर केला, खाली केला, काचेला नाक लावलं. फणीवाला पेटीपासून दोन पावलं मागं सरकला. ते दार त्याचं होतं. घरी त्यानं सांगितलं नव्हतं. खेळण्यांबद्दल सांगून टोमणे कोण ओढवून घेणार?

"सागवान," मिस्त्री म्हणाले. "जुनं. गाभ्यातलं. बघ रे बिजागरीवाल्या, गाठीपाशी रेषा कशी वळलीय. ज्यानं हे केलं त्यानं फळी निवडताना अक्कल वापरलीय. जावईबापू, बघा जरा, शिका काही! याला काम म्हणतात."

मालक लगेच म्हणाले, "वा, पारखी माणूस! आमच्याकडे जसं मॉडेल तसं घर, मिस्त्री. शब्द आहे." लेकीनं जागा नोंदवली, आणि बिजागरीवाल्यानंही मिस्त्रींच्या शब्दावर तिथल्या तिथं.

फणीवाला बाहेर आला तो जमिनीवर चालत नव्हता. रस्ता ओलांडेपर्यंत त्यानं कसंबसं तोंड आवरलं आणि मग ते सुटलंच. "बाबा, ते दार मी केलंय."

मिस्त्री रस्त्याच्या कडेलाच थांबले. मागून हॉर्न वाजले तरी हलेनात. "तुम्ही? लाकूड कुठून आणलंत?"

आता इथं सरळ माणसानं काय म्हणावं? बाबा, ते लाकूड नाही, प्लॅस्टिक आहे. पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांत त्या क्षणी काहीतरी होतं जे इतक्या वर्षांत जावयानं पाहिलं नव्हतं. फणीवाल्याची जीभ वळली आणि तो म्हणाला, "मिळालं."

संपलं. त्या एका शब्दावर म्हाताऱ्यानं पुढं काय काय उभं केलं! जावई लाकडात काम करायला लागला, हे भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना कळलं. लेकीकडे जेवायला आले की जावयाला पहिली वाढ. "हाताला वळण आहे पोराच्या," असं लेकीला चक्क कौतुकानं. बायको बिचारी खूश. नवरा आणि बाप एका ताटाकडे बघून हसतायत हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं. फणीवाला मात्र घास गिळताना दर वेळी पाण्याचा पेला पुढं ओढायचा.

इमारत उभी राहिली आणि दारं आली. फणीवाला कामासाठी तिकडे गेला होता, तेव्हा त्यानं ती ट्रकमधून उतरताना पाहिली. दारं प्लॅस्टिकची, आतून पोकळ. पण खरी गंमत पुढंच होती. मालकांनी त्याच्या मॉडेलमधल्या दाराचा फोटो काढून दारांच्या कारखान्यात दिला होता, आणि कारखान्यानं तो फोटो मोठा, मोठा, अजून मोठा करून त्याचा छापील कागद दारांवर चिकटवला होता. वीतभर दारावर त्यानं मुद्दाम जाड काढलेल्या रेषा आता बोटाएवढ्या झाल्या होत्या. सुईच्या टोकानं काढलेली गाठ ताटाएवढी. आणि ती गाठ प्रत्येक दारावर, प्रत्येक मजल्यावर, त्याच उंचीला. एका ठिकाणी तर फणीला चिकटलेला बायकोचा केससुद्धा दोरखंडासारखा छापून आला होता.

लोक तक्रार घेऊन गेले. मालक शांत. "मॉडेल कशाचं होतं? प्लॅस्टिकचं. दार कशाचं आहे? प्लॅस्टिकचं. जसं मॉडेल तसं घर. मी शब्दाला जागलो." अर्ध्या लोकांनी तोंड वाकडं केलं, उरलेल्या अर्ध्यांना दारं आवडली. एक बाई म्हणाल्या, "खऱ्या लाकडात एवढं लाकूड दिसत नाही हो."

फणीवाल्यानं घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं.

"तुम्ही बाबांना लाकूड म्हणून सांगितलंत?"

"मी फक्त 'मिळालं' म्हणालो."

"वा! युधिष्ठिरच लागून गेलात. अहो, बाबांनी सामान बांधलंय. आता हे कळलं तर ते उलट्या पावली परत जातील आणि त्या मोरीत पडून राहतील. ते काही नाही. आता मरेपर्यंत लाकूडच म्हणायचं."

मिस्त्री नव्या घरी आले ते हत्यारांची पेटी घेऊन. जिन्यात बिजागरीवाला उभाच होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर लग्नाला आल्यासारखा आनंद. मिस्त्रींनी दाराकडे पाहिलं. मग बोटाच्या पेरानं टकटक केलं. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. फणीवाल्यानं डोळे मिटले. बायकोनं पदराचं टोक चावलं.

"काय मिस्त्री," बिजागरीवाला म्हणाला, "सागवान म्हणाला होतात ना?"

वरच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी देऊन गप्प झाला.

"सागवानच आहे," मिस्त्री म्हणाले. "नवीन जातीचं. हे झाड भराभर वाढतं, म्हणून रेषा जाड. आणि आवाज पोकळ, कारण लाकूड चांगलं वाळलंय. तुला बिजागरीपलीकडे काय कळतं?" आणि पेटी उचलून आत निघून गेले.

फणीवाल्याला हायसं वाटलं, आणि लाजही वाटली. म्हाताऱ्याला खरंच तसं वाटतंय की नाही, हे विचारायची कुणाची छाती होती? पण एकदा सागवान म्हटल्यावर सागवानासारखं वागवावं लागतं. मिस्त्री दर रविवारी दाराला तेल पाजायला बसू लागले. प्लॅस्टिक कसलं तेल पितं! ते जसंच्या तसं वर बसायचं आणि त्यावर धूळ. दार काळंकुट्ट, चिकट झालं. ते बघून शेजाऱ्यांना वाटलं, मिस्त्रीसारखा जाणता माणूस करतोय म्हणजे त्यात काही तथ्य असणार. पुढच्या महिन्यात अख्ख्या मजल्याची दारं चिकटली. दूधवाल्याचा हात, पेपरवाल्याचा पेपर, सगळं दाराला लागून राहू लागलं. बिजागरीवालासुद्धा गुपचूप तेलाची बाटली घेऊन आला.

मग हवा दमट झाली आणि दार चौकटीला घासायला लागलं. खरं कारण साधं होतं. पोकळ प्लॅस्टिकमध्ये स्क्रू धरत नाहीत, बिजागरी सैल झाली, दार खाली ओघळलं. पण मिस्त्रींनी जाहीर केलं, "लाकूड फुगलंय." लाकूड आहे म्हटल्यावर त्याला फुगण्यावाचून इलाजच नव्हता. बिजागरीवाल्याचंही दार घासत होतं. मिस्त्रींनी त्याला सांगितलं, "आज संध्याकाळी ये. आधी माझं दार तासतो. ते बघ, मग तुझं."

त्या दुपारी बायको बाजारात गेली होती. फणीवाला सुट्टीमुळं घरी. आतल्या खोलीत त्याला रंध्याचा आवाज आला आणि मग एकदम थांबला. तो बाहेर आला. मिस्त्री उघड्या दारापाशी उकिडवे बसले होते. पायाशी पांढरे प्लॅस्टिकचे छिलके पडले होते, लांब आणि चकचकीत. दाराच्या कडेला हातभर पट्टा पांढराफटक उघडा पडला होता, आणि एका जागी रंधा आरपार गेल्यामुळं आतला पोकळ कप्पा दिसत होता. मिस्त्री रंधा हातात धरून त्या पोकळीकडे बघत होते.

फणीवाला पुढं झाला. "बाबा," तो म्हणाला, "मी..."

"मला काय तुम्ही खुळा समजता?" मिस्त्री एकदम गरजले. मग आवाज उतरला. "मला त्या दिवशीच कळलं होतं. काचेच्या पेटीत. बघताक्षणी. म्हटलं, जावयानं केलंय, पोरगी शेजारी उभी आहे, कशाला मन मोडा? म्हणून आपलं सागवान म्हणालो. नाहीतर त्यात सागवान म्हणण्यासारखं होतं काय? रंगवलेलं प्लॅस्टिक!"

फणीवाल्याच्या जिभेच्या टोकावर एक वाक्य आलं. फक्त एक. पण बाबा, त्या वेळी ते दार मी केलंय हे तुम्हाला ठाऊकच कुठं होतं? मी तर रस्ता ओलांडल्यावर सांगितलं! एवढं म्हणायचा अवकाश, म्हाताऱ्याचा सगळा डौल त्या छिलक्यांसारखा जमिनीवर पडला असता. आणि त्याचबरोबर हेही सिद्ध झालं असतं की ते कौतुक खरं होतं, शंभर नंबरी खरं. कुणाचं आहे हे माहीत नसताना, एका जन्मभराच्या सुतारानं फणीवाल्याचं प्लॅस्टिक सागवान म्हणून मान्य केलं होतं. आयुष्यात जी एकच गोष्ट हवी होती ती त्याला मिळालेली होती, आणि आता समोर बसून म्हातारा ती परत काढून घेत होता. फणीवाल्याला इतका राग आला की कानशिलं तापली.

त्यानं मिस्त्रींच्या हाताकडे पाहिलं. मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या हत्यारांच्या पेटीकडे. आजवर न उघडलेल्या पिशव्या अजून तिच्या शेजारी बांधलेल्याच होत्या. परत जायला फार वेळ लागला नसता. बायको बाजारातून येऊन रिकामी खोली बघेल, ते त्याला दिसलं.

"हो बाबा," तो म्हणाला. "तुम्हाला कळल्याशिवाय कसं राहील?"

मिस्त्रींनी मान वर केली नाही. छिलके गोळा करत म्हणाले, "तो बिजागरीवाला संध्याकाळी येणार."

"माहितीय."

"मग बघत काय बसलात? रंग आणा."

फणीवाल्यानं आधी बिजागरीचे स्क्रू काढले, भोकांत काडीचे तुकडे ठोकून ते पुन्हा आवळले. कडेवरचं तेल साबणानं धुतलं. रंध्यानं पाडलेल्या भोकात लांबीचा लगदा भरला, पॉलिशपेपर ओढला, करवतीच्या पात्यानं चरे पाडले. मातकट रंग दिला आणि तो लवकर वाळावा म्हणून मिस्त्रींनी, कुणी न सांगता, टेबलफॅन उचलून जवळ आणून धरला. मग तपकिरी. घरातली बोळकी फणी इथं चालणार नव्हती. छापील रेषा बोटाएवढ्या होत्या. त्यानं जुन्या पायपुसण्याची कड कापून तिचा कुंचला केला आणि कारखान्याच्या प्रत्येक जाड रेषेला तिथूनच पुढं नेलं, जिथं रंध्यानं ती तोडली होती. मिस्त्री शेजारी बसून सूचना करत होते. "हात मोकळा सोडा. लाकूड असं घाबरत नाही." फणीवाला हूं हूं करत होता.

झालं तेव्हा मिस्त्रींनी चष्मा पुसला. दाराची कड वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. उजेडाकडे तोंड करून पुन्हा पाहिली. जिन्यात बिजागरीवाल्याच्या चपला वाजायला लागल्या होत्या.

शेवटी त्यांनी खालच्या बाजूला एका जागी बोट ठेवलं. "इथं," ते म्हणाले, "इथं तुमचं काम कळतंय. जरा हलका हात पाहिजे होता."

ती जागा कारखान्यातून आली तशीच होती. तिथं रंधाही पोचला नव्हता आणि रंगही. जिथं त्यानं दुपारभर काम केलं होतं त्यावरून म्हाताऱ्याचं बोट कधीच पुढं सरकलं होतं. फणीवाल्यानं खाली वाकून ती जागा नीट पाहिल्यासारखं केलं.

"खरंय बाबा," तो म्हणाला. "तिथं जरा कळतंय. पुढच्या वेळी सांभाळीन."